सहावी जीप

"साहेब, किलोवर नेणार की वाचून परत ठेवणार?" दस्तगीरभाईंनी विचारलं.

मिरजेतल्या त्यांच्या रद्दीच्या दुकानात मी एका उलट्या तेलाच्या डब्यावर बसलो होतो. एप्रिलचा शेवटचा आठवडा, दुपारचे अडीच. मांडीवर शाळेच्या वह्यांचा गठ्ठा. समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे एक लांब पिवळी भिंत. तिच्यावर ऊन असं आपटत होतं की तिकडे बघवत नव्हतं.

"वाचून ठेवणार. चालेल ना?"

"चालेल की. पण काय वाचताय ते तरी सांगा. पोलिसांत हाय का तुम्ही?"

"पेपरात आहे. मुलीसाठी शाळा बघतोय."

दस्तगीरभाईंनी तराजूतलं वजन काढून खाली ठेवलं. "शाळा बघायला शाळेत जातात, साहेब."

"जाऊन आलो," मी म्हणालो.

खरंच जाऊन आलो होतो. जुई तेव्हा चौथी पास झाली होती आणि तिची छोटी शाळा चौथीलाच संपत होती. शेवटच्या दिवशी तिच्या कित्तूर बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ही गणितात 'का' विचारते. तेवढं बंद पडू देऊ नका. बाकी काय, शिकेल कुठंही." माझ्या दृष्टीने शोधायची शाळा एवढ्या एका वाक्यात आली होती. माझ्या बायकोच्या, वृंदाच्या, दृष्टीने ती एका निळ्या फायलीत होती. वृंदा मिशनच्या दवाखान्यात औषधविभाग सांभाळायची. तीन आठवड्यांत तिने सात शाळा बघितल्या होत्या आणि प्रत्येकीचं पान केलं होतं.

त्यातल्या सिल्व्हर क्रेस्टला आम्ही तिघेही गेलो होतो. तिथे पोहण्याचा तलाव होता, थंड हवेचे वर्ग होते आणि एक घोडा होता. दोन पालक त्याचा फोटो काढत होते. आम्हाला फिरवून दाखवायला एक काउन्सेलर मॅडम होत्या.

"पाचवीला गणित कोण शिकवतं?" मी विचारलं.

"सर, आमच्याकडे शिकवत नाहीत. फॅसिलिटेट करतात."

"बरं. ते कोण करतं?"

"टीम असते."

"एखादी वही बघायला मिळेल? कुठल्याही मुलाची चालेल."

"वह्या दाखवायची पॉलिसी नाही, सर. घोडा बघितलात का?"

वृंदाने माझ्या कोपराला चिमटा काढला. मी घोडा बघितला.

परत येताना रिक्षात जुईने विचारलं, "बाबा, घोडा एक आणि मुलं नऊशे. मग माझा नंबर कधी येणार?"

"रोज दहा मुलं बसली तर तीन महिन्यांनी," वृंदा म्हणाली.

"आणि घोडा आजारी पडला तर?"

रिक्षावाला हसला. मला मात्र त्याच रिक्षात सुचलं की वह्या शाळा दाखवत नाही, पण पालक तर विकतात. परीक्षा संपली की आठवड्याभरात शहरातल्या सगळ्या शाळांच्या वह्या रद्दीच्या दुकानात येऊन पडतात.

सलग चार दुपारी मी दस्तगीरभाईंकडे बसलो. माझी कामाची पाळी पाचला सुरू व्हायची, त्यामुळे वेळ होता. नियम ठरवून घेतला: प्रत्येक शाळेच्या पाच वह्या, पाचवी ते सातवी, फक्त गणित. चूक पकडली आहे का, पकडली तर पुढे काही लिहिलं आहे का, आणि मुलाने ते वाचलं आहे का, एवढंच बघायचं. सिल्व्हर क्रेस्टच्या वह्यांत चुकलेल्या भागाकारावर हसऱ्या चेहऱ्याचा स्टिकर होता. कृष्णाकाठ पब्लिकच्या बाईंनी पाचही वह्यांत, प्रत्येक पानावर, 'अक्षर सुधारा' असा रबरी शिक्का मारला होता. ज्या मुलीचं अक्षर छापल्यासारखं होतं, तिच्याही वहीत.

"सगळ्या शाळांच्या आल्यात ना?" मी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"महापालिकेच्या सोडून. त्या येत न्हाईत माझ्याकडं. ती पोरं कोरी पानं फाडून, शिवून पुढच्या वर्षाला वापरतात. भरलेली पानं भडंगवाला नेतो, पुड्या बांधायला."

माझ्या तक्त्यात महापालिकेच्या शाळांसाठी एक रकाना होता. का केला होता कोण जाणे, सवयीने. त्यात मी लिहिलं, 'नमुना उपलब्ध नाही', आणि पुढे गेलो.

चौथ्या दुपारी ती वही हाती आली. नवप्रभात विद्यालय, इयत्ता पाचवी ब, सुजित माळी. मधली शाळा, वृंदाच्या फायलीत पाचव्या क्रमांकावर. वही उघडली आणि मी डब्यावरून उठून उजेडात आलो.

लाल शाईत शेरेच शेरे होते. एके ठिकाणी: 'उत्तर बरोबर. पण तू हे कसं काढलंस? मला येऊन सांग.' दुसरीकडे: 'इथे हातचा विसरलास. काल पण इथेच विसरलास. इथे काय दिसतं तुला, की विसरतोस?' खाली पेन्सिलीने मुलाचं उत्तर: 'शून्य दिसलं की मला वाटतं संपलं.' त्याखाली पुन्हा लाल शाईत: 'शून्य म्हणजे संपलं नाही. शून्य म्हणजे जागा राखून ठेवलीय.'

वहीच्या मध्यावर एक गणित होतं. त्रेचाळीस मुलांना सहलीला न्यायचं आहे, एका जीपमध्ये आठ मुलं बसतात, तर किती जीप लागतील? सुजितने भागाकार करून पाच लिहिलं होतं. त्याला 'बरोबर'ची खूण होती आणि सही होती. पण त्याच्याच शेजारी शेरा होता: 'मागच्या पानावर तू सहा जीप काढल्यास, सहावीत तीन मुलं बसवलीस. मग वर पाच का लिहिलंस? ती तीन मुलं कुठे सोडलीस?' त्याखाली मुलाची पेन्सिलीची एक ओळ होती. ती मी वाचली आणि पान उलटलं.

खूण आणि सही गडद लाल होती, शेरे फिकट लाल. आधी घाईत बरोबर दिलं, मग पुन्हा तपासताना चूक लक्षात आली आणि तोवर पेन बदललं, असं मी धरलं. स्वतःची चूक सुधारणारा शिक्षक, म्हणून मला तो अधिकच आवडला.

"ही नेतो," मी म्हणालो.

"न्या. एका वहीचं काय घेऊ तुमच्याकडनं?" दस्तगीरभाई म्हणाले. "पण चार दिवस बसून एकच सापडली?"

घरी वृंदाने वहीतले लाल शेरे वाचून काढले. औषधाच्या चिठ्ठ्या वाचायची सवय असल्यामुळे ती काहीही सावकाश वाचते. मग तिने वही मिटली.

"म्हणजे रद्दीतून शाळा काढलीस तू."

"वही खोटं बोलत नाही."

"आणि मी तीन आठवडे रजा टाकून हिंडले ते?"

"तू घोडा बघून आलीस."

"घोड्याचं मला काय सांगतोस. मी मुलींची शौचालयं बघितली. सातही शाळांची. तू किती बघितलीस?"

मी एकही बघितलं नव्हतं.

"या शेरे लिहिणाऱ्या बाईंना भेटलास?"

"बाई की सर, माहीत नाही. सुट्टी लागलीय. शाळा बंद आहे."

"नाव काढून फोन कर."

"एवढं लिहिणाऱ्या माणसाला फोनवर काय विचारायचं? तुम्हीच लिहिलंत का?"

"हो," वृंदा म्हणाली. "हेच विचारायचं. पेपरात दोन जणांना विचारल्याशिवाय बातमी लावत नाही म्हणून सगळ्या नातेवाइकांत मिरवतोस."

"ही बातमी नाहीये."

"बरोबर. ही मुलगी आहे."

हा वाद पंधरा दिवस चालला. जेवताना, कपडे वाळत घालताना, एकदा तर तिच्या मावसबहिणीच्या साखरपुड्यात अक्षता हातात असताना. दरम्यान सिल्व्हर क्रेस्टची प्रवेशयादी लागली आणि बंद झाली. मी अर्ज भरलाच नव्हता. विसरलो, असं मी सांगितलं.

"घाल नवप्रभातला," शेवटी ती म्हणाली. "पण फसलं तर 'आपण फसलो' असं म्हणायचं नाही. 'मी फसलो' म्हणायचं."

"कबूल," मी म्हणालो.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात जुईची गणिताची वही पहिल्यांदा तपासून आली. चार गणितं होती. दोन चुकली होती. चारींवर गडद लाल 'बरोबर' आणि सही.

"सरांना विचारलंस, हे चुकलंय का म्हणून?" मी म्हणालो.

"विचारलं. म्हणाले, सही झालीय ना, मग बस खाली."

दुसऱ्या दिवशी सुजित माळीची वही घेऊन मी शाळेत गेलो. पाचवी ब चं गणित गेल्या वर्षीही याच सरांकडे होतं. पी. के. सर म्हणतात त्यांना. मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात त्यांनी वही चाळली, चष्मा कपाळावर चढवून पुन्हा चाळली.

"सही माझी," ते म्हणाले. "बाकीचं माझं नव्हे."

"मग कुणाचं?"

"मला काय ठाऊक? साहेब, एका वर्गात साठ वह्या, असे पाच वर्ग. वर निवडणुकीचं काम, शिष्यवृत्तीचे फॉर्म. कोण लिहीत बसेल एवढं, तुम्हीच सांगा." त्यांना जीपचं गणित दिसलं. थोडा वेळ ते त्याच पानावर थांबले. "हां. सहा पाहिजे होतं हे."

त्यांनी वही परत दिली. त्यांचा मला राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं.

माळ्यांचा पत्ता वहीच्या पहिल्याच पानावर होता. एप्रिलपासून होता. स्टेशन रोडच्या मागे त्यांची पिठाची गिरणी होती. मी गेलो तेव्हा गिरणी चालू होती आणि सुजितचे वडील ज्वारी ओतत होते. मी ओळख सांगून वही दाखवली. त्यांनी हात झटकून गिरणी बंद केली आणि आत हाक मारली, "कोमल, ए कोमल. बाहेर ये. पेपरातले साहेब आल्यात. काय करून ठेवलंयस बघ."

तेरा वर्षांची मुलगी बाहेर आली. वेणीवर पीठ, हातात चाळण. वही बघून ती आधी घाबरली आणि मग चिडली.

"ही विकली होतीस तू? दादा, ही विकायची नव्हती म्हणून सांगितलं होतं मी."

दादा म्हणजे वडील. ते म्हणाले, "वही संपली होती की."

"हे तू लिहिलंस?" मी विचारलं.

"त्याच्या वहीत कुणी काय लिहीतच नव्हतं. नुसतं बरोबर, बरोबर. मग त्याला कळणार कसं?" ती म्हणाली. "आम्ही संध्याकाळी शाळा-शाळा खेळायचो. मी बाई."

"हे 'शून्य म्हणजे जागा राखून ठेवलीय', हे तुला कुठून सुचलं?"

"मला नाही सुचलं. आमच्या मुजावर बाई असंच लिहितात."

ती आत गेली आणि स्वतःची वही घेऊन आली. जाड दोऱ्याने शिवलेली. पानांच्या रेघा वेगवेगळ्या, काही एकेरी, काही दुहेरी, एक पान चौकटीचं. त्या पानांवर तेच होतं, पण मोठ्या माणसाच्या अक्षरात. 'कसं काढलंस? येऊन सांग.' 'इथे काय दिसतं तुला?' कोमलचे सगळे शेरे तिथून आले होते, विरामचिन्हांसकट.

"तू कुठल्या शाळेत?"

"चौदा नंबर. महापालिकेची."

"कुठे आली ती?"

"ते दस्तगीरभाईंचं रद्दीचं दुकान आहे बघा. त्याच्या समोरची पिवळी भिंत."

तिचे वडील न विचारताच बोलले. "दोघांचं प्रायव्हेटमधी कसं जमणार, साहेब? म्हणलं, पोरगा तरी चांगल्या शाळेत जाऊ दे."

त्यांनी गिरणी पुन्हा सुरू केली. कोमलने भावाची वही माझ्याकडे मागितली नाही, आणि मीही दिली नाही. ते मला घरी पोहोचल्यावर लक्षात आलं.

वृंदाला मी सगळं क्रमाने सांगितलं, काही न गाळता. ती भेंडी चिरत होती. मधे एकदाच थांबली, कोमलचं वय ऐकून.

"मी फसलो," मी शेवटी म्हणालो.

"ते झालंच. आता?"

"आता काय?"

"शाळा सापडली ना तुला? चार दुपारी तिच्याकडे तोंड करून बसला होतास. उद्या जाऊन बघू."

मी तिच्याकडे बघितलं. ती थट्टा करत नव्हती. उरलेली भेंडी चिरून तिने पाटी बाजूला सारली आणि निळी फाईल काढून तिला एक कोरं पान लावलं. पानाच्या वर लिहिलं: चौदा नंबर.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. पिवळ्या भिंतीला एक लहानसं फाटक होतं. दुकानातून ते दिसत नाही, मधे विजेचा खांब येतो. मुजावर बाई साधारण पन्नाशीच्या, ठेंगण्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या. सातवीचा वर्ग घेत होत्या. बत्तीस मुलं सतरंजीवर बसली होती आणि एक मुलगा फळ्यापाशी उभा राहून बाईंना सांगत होता की त्यांचं कसं चुकलं. बाई ऐकत होत्या. "बरं, मग तू असतास तर काय केलं असतंस?" म्हणाल्या आणि खडू त्याच्या हातात दिला.

मग दारात आल्या. "कितवीत आहे?"

"पाचवीत."

"आणा की. पाचवीचं गणितपण मीच घेते. दाखला घेऊन या, बास."

"अर्ज वगैरे?" मी विचारलं.

"दाखला," बाई म्हणाल्या. "आणि डबा. खिचडी असते, पण काही मुलांना आवडत नाही."

वृंदा शौचालय बघून आली. बाहेर पडल्यावर म्हणाली, "स्वच्छ आहे. कडी मोडलीय एकाची, ती मी बसवून घेईन."

"हं."

"सोमवारी दाखला काढशील?"

"काढतो."

सोमवारी आमच्या कार्यालयात बैठक होती. चहाला सगळे जमले असताना वृत्तसंपादकांनी विचारलं, "काय, मुलीला कुठे टाकलंत शेवटी?" त्यांचा नातू सिल्व्हर क्रेस्टमध्ये होता. शेजारी जाहिरातविभागाचे लोक होते. मी म्हणालो, "नवप्रभात." ते म्हणाले, "वा, बरी आहे."

मंगळवारी पाऊस होता. बुधवारी वृंदाने विचारलं, "काढलास?" मी म्हणालो, वर्ष सुरू झालंय, मधेच कशाला हलवायचं. ती म्हणाली, "जून आहे. मधे कुठे?" मी म्हणालो, बघू. आणखी दोनदा तिने विचारलं. मग एके दिवशी नवप्रभातच्या गणवेशाचं माप द्यायची शेवटची तारीख होती. ती जुईला घेऊन शिंप्याकडे गेली आणि आल्यावर निळी फाईल माळ्यावर टाकली.

आम्ही भांडलो नाही. त्या पंधरा दिवसांत जेवढं भांडलो होतो, त्याच्या पावपटही नाही.

जुई नवप्रभातमधून दहावी झाली. मार्क चांगले पडले. आज ती बंगळुरात नोकरी करते, तिचं काहीही बिघडलेलं नाही, हे कुणी विचारलं तर मी लगेच सांगतो. पाचवीच्या दिवाळीत कित्तूर बाई फराळाला आल्या होत्या. जाताना जोडे घालता घालता त्यांनी विचारलं, "काय गं, 'का' विचारतेस की नाही अजून?" जुई म्हणाली, "नाही बाई. आता मला पद्धत येते."

गेल्या महिन्यात, सोळा वर्षांनी, आम्ही घर बदललं. माळा उतरवताना निळी फाईल खाली आली. तिच्यात सात शाळांची सात पानं, चौदा नंबरचं कोरं पान आणि सुजित माळीची वही. वृंदा जमिनीवर बसून वही वाचायला लागली, तशीच सावकाश. टेम्पोवाला दारात उभा होता. मी म्हणालो, नंतर वाच. तिने हात वर करून मला थांबवलं.

"या जीपच्या गणिताखाली पोराने उत्तर लिहिलंय," ती म्हणाली. "तू वाचलं होतंस?"

"हो."

"कधी? माळ्यांकडे जाऊन आल्यावर?"

"नाही. आधीच. दुकानात."

तिने वही खिडकीकडे धरली. पेन्सिलीची अक्षरं पुसट झाली होती, पण अजून लागत होती.

"'मला सहाच येत होतं,'" तिने वाचलं. "'पण सगळ्यांनी पाच लिहिलं.'"

मग तिने वही मिटली आणि रद्दीच्या ढिगात न टाकता माझ्या हातात दिली.